पुष्पक विमान इथवरच

सोमवार हा महादेवाचा वार. घारापुरीच्या लेण्यांत जिकडे पाहावं तिकडे महादेव. आणि ही लेणी आठवड्यातून एकच दिवस बंद असतात, तो म्हणजे सोमवार. पुरातत्त्व खात्याने हा वार ठरवताना पंचांग उघडलंच नसेल, किंवा फार बारकाईने उघडलं असेल. आठवडाभर सहली झेलणाऱ्या देवाला निदान स्वतःच्या वारी तरी घरात निवांत बसू द्यावं, असा कुणा भाविक अधिकाऱ्याचा विचार असू शकतो.

म्हणजे जायचं रविवारी. इथे एक खुलासा केला पाहिजे. मुंबईचा माणूस स्वतःहून घारापुरीला जात नाही. तो गेटवेवर येतो, पलीकडे डुलणाऱ्या लाँचा बघतो, 'एकदा जायला पाहिजे' म्हणतो आणि कुल्फी खाऊन परततो. त्याला समुद्र ओलांडायला लावण्याचं सामर्थ्य फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांत असतं. नमुन्यादाखल डोंबिवलीचं एक घर घेऊ. सांगलीकडून ताई आणि दाजी आलेले, बरोबर भाचा. घरचे नवरा-बायको, कन्या, आजी आणि बायकोचा भाऊ. हा भाऊ सगळ्यांचाच मामा आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. एकूण माणसं आठ, धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे वेगळे.

मामाने आदल्या रात्री कार्यक्रम जाहीर केला : आठला घर सोडायचं, अकराला लेण्यात. त्यानुसार साडेदहाला सगळे सोसायटीच्या फाटकाशी जमले.

या सहलीचा एक नियम सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी रागावणार नाही. प्रत्येक वाहन तुम्हाला जिथे जायचंय त्याच्या थोडं अलीकडे सोडतं. अगदी थोडंच. ठिकाण समोर दिसत असतं, हाकेच्या अंतरावर असतं. पण त्या उरलेल्या थोड्यावर पुढच्या वाहनाचं पोट असतं. पहिल्यानेच दारात नेऊन सोडलं तर दुसऱ्याने काय करायचं? नियोजन नियोजन म्हणतात ते हेच.

रिक्षाने नियम लगेच पाळला. डोंबिवली स्टेशन नजरेत आलं, तशी ती थांबली. "इथंच उतरा, पुढे जाम आहे." पुढे खरंच जाम होता, आणि तो इथंच उतरवणाऱ्या रिक्षांचा होता.

लोकलला मेगाब्लॉक. दाजींनी हा शब्द सांगलीला पेपरात वाचला होता, पण तो स्वखर्चाने अनुभवण्याची ही पहिलीच वेळ.

"मेगाब्लॉक म्हंजे नक्की काय?"

"रुळांची दुरुस्ती, दाजी. अकरापासून चारच्या आसपासपर्यंत फास्ट गाड्या स्लोच्या रुळावरून."

"मग तिला फास्ट का म्हनायचं?"

"नाव तेच राहतं."

"आनि तिकीट?"

"तेही तेच."

दाजींची हयात साखर कारखान्यात गेली. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आमच्यात हंगाम संपला की यंत्रं खोलत्यात. तुमच्यात मानसं फिराय भाईर पडली की खोलत्यात." मध्य रेल्वेच्या कारभारावर इतकं नेमकं भाष्य मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. डब्यातल्या नेहमीच्या प्रवाशांनी दाजींना चौथी सीट दिली. चौथी सीट म्हणजे अर्धं बूड आत आणि अर्धं बाहेर, हे मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा युनेस्कोचा जागतिक वारसा, २००४ पासून. आठ माणसं या वारशातून बाहेर पडली ती एकमेकांचे हात धरून, जमिनीकडे बघत, चपला सांभाळत. मान वर कुणाचीच गेली नाही. जागतिक वारसा बघायला निघालेल्या माणसाला वाटेतला जागतिक वारसा अडथळा वाटतो. शिवाय त्याला वेगळं तिकीट नाही, तेव्हा तो बघण्यालायक असेलच कसा?

इथून गेटवे दोन-अडीच किलोमीटर. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, बेस्टच्या वातानुकूलित बसचं १२. पण भाच्याने भुयारी मेट्रोचा फलक बघितला आणि मामाला प्रतिष्ठेचा प्रश्न पडला. मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ मध्ये पार कफ परेडपर्यंत सुरू झाली, हे सांगलीत माहीत नसेल तर मामाचा मुंबईत राहून उपयोग काय! मग सरकत्या जिन्यांनी पाताळात उतरणं झालं, पिशव्यांची तपासणी झाली, धपाटे क्ष-किरणांखालून गेले, आणि मंडळी एक स्टेशन प्रवास करून हुतात्मा चौकाला पुन्हा पृथ्वीवर आली. वर यायला जिने इतके की आजींना घारापुरीचा डोंगर चढून झाल्यासारखं वाटलं. "आलं का देऊळ?" त्यांनी विचारलं. आलं नव्हतं. तिथून पुन्हा दोन टॅक्स्या कराव्या लागल्या. टॅक्सीवाले आधी 'जवळचं भाडं' म्हणून नाही म्हणाले, मग आजींकडे बघून हो म्हणाले आणि लोखंडी अडसरांपाशी थांबले. गेटवे समोर दिसत होतं.

गेटवेबद्दल दाजींना कौतुक. मामाने माहिती दिली : राजा पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात इथे उतरला, त्याच्या स्वागताची ही कमान. पायाभरणी १९१३ ला, पूर्ण झाली १९२४ ला. म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी स्वागतकमान उभी राहिली. राजाला तेव्हा पुठ्ठ्याचा नमुना दाखवून भागवलं, असं सांगतात. आपल्याकडच्या बांधकाम खात्यावर परंपरा मोडल्याचा आरोप होतो, तो किती निराधार आहे बघा.

लाँचचं तिकीट जाऊन-येऊन. रांग लांब, पण सरकती. लाँचवर पाय ठेवला की कळतं, तिकिटात फक्त खालचा मजला आहे. वरच्या मजल्यावर वाऱ्यात बसायचं असेल तर आणखी थोडे पैसे, ते लाँच सुटल्यावर गोळा होतात. परत फिरायची सोय संपली की दर सांगावा, हे व्यापारातलं जुनं शहाणपण. तेवढ्यासाठी समुद्रात उडी कोण मारणार?

सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेटं वाटली गेली. इथे थट्टा जरा बाजूला ठेवतो. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर, घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली आणि सहलीला निघालेली माणसं घरी परतली नाहीत. जॅकेटांची सक्ती झाली ती त्यानंतर. पुढच्या डिसेंबरपर्यंतही आपली स्मरणशक्ती टिकत नाही. लाँचवर अर्ध्यांनी जॅकेट मांडीवर घेतलेलं असतं, काहींनी त्यावर बैठक मारलेली असते आणि एक जण ते उलटं घालून फोटो काढत असतो. आजींनी मात्र आपलं जॅकेट पदरावरून नीट बांधलं आणि उतरेपर्यंत सोडलं नाही. एवढ्यांत शहाणं माणूस एकच निघालं.

अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ तासभर. समुद्रात सिग्नल नाहीत, खड्डे नाहीत, मेगाब्लॉक नाही, तरीही तासभर. उजवी-डावीकडे बघण्यासारखं भरपूर. नौदलाची जहाजं, ज्यांचे फोटो काढू नका असं बजावलं जातं आणि म्हणूनच सगळे काढतात. मग जवाहर द्वीप, खनिज तेलाच्या टाक्यांचं बेट. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथल्या टाकीवर वीज पडली आणि आग काही दिवस धुमसत होती. पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचा घुमट आणि उत्तरेला रेघ ओढल्यासारखा अटल सेतू, २१.८ किलोमीटरचा, जानेवारी २०२४ पासून वाहता. मामाने हिशेब मांडला : मोटारीने हा सेतू वीसेक मिनिटांत पार होतो. "मग आपन त्येच्यावरनं का न्हाई आलो?" दाजींचा प्रश्न रास्त होता. सेतूवरून घारापुरी दिसतं, पण उतरता येत नाही. लाँचमधून सेतू दिसतो, पण चढता येत नाही. इतका समतोल विकास जगात क्वचितच कुठे झाला असेल.

धक्का आला. म्हणजे धक्क्याचं समुद्रातलं टोक आलं. किनारा तिथून पुढे, आणि त्यासाठी झुकझुक गाडी. इंजिनाचं तोंड लहान मुलांच्या खेळण्यातलं, डबे उघडे, वेग माणसाच्या चालण्याहून किंचित जास्त. चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. गाडीने कमी लागतात, पण गाडीची वाट बघण्यात ती उरलेली मिनिटं सव्याज जातात. तरी सगळे गाडीतच बसले, कारण 'एवढं आलो, आता हेही होऊन जाऊ दे'. या वाक्यावर भारतातलं निम्मं पर्यटन चालतं. गाडी किनाऱ्याला लागली. पायऱ्या? थोड्या पुढे.

मध्ये ग्रामपंचायतीचा कर भरायचा. घारापुरी हे बेट आहे, हे मुंबईकराला माहीत असतं. ते गावही आहे, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांचं, रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, हे त्याला या पावतीवरून कळतं. "आपण मुंबईतच आहोत ना?" कन्येने विचारलं. मामाला पहिल्यांदाच उत्तर सुचलं नाही.

मग पायऱ्या, सुमारे १२०, आणि दोन्ही बाजूंना दुकानं : माळा, टोप्या, दगडी हत्ती, संगमरवरी ताजमहाल. घारापुरीला ताजमहाल का विकतात, असं विचारू नये. आग्र्याला कदाचित त्रिमूर्ती विकत असतील. पायऱ्यांच्या तळाशी डोली : लाकडी खुर्ची, तिला दोन बांबू, उचलायला चार माणसं. अख्ख्या प्रवासातलं हे एकमेव वाहन जे तुम्हाला थोडं अलीकडे नाही, थेट वर नेऊन ठेवतं. आणि दिवसभरात घासाघीस झाली ती फक्त इथेच. मेट्रोशी कुणी भाव केला नाही, लाँचच्या वरच्या मजल्याचे पैसे मुकाट दिले, टॅक्सीला सुट्टे नाहीत म्हणून वरचे सोडून दिले. पण चार माणसं आपल्या आईला खांद्यावर घेऊन डोंगर चढणार म्हटल्यावर यजमानांच्या अंगात बाजारभाव संचारला. "एवढं? एवढ्याशा चढाला?" शेवटी आजीच म्हणाल्या, "अरे, माझं वजन तुला माहीत आहे ना? दे त्यांना मागतील ते." डोलीवाले हसले. वर पोचल्यावर आजींनी त्यांना धपाटे दिले. हिशेब त्यांच्या परीने पूर्ण झाला.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४०, परदेशी पाहुण्यांना ६००. इथपर्यंतच्या खर्चाची बेरीज मामाने मोबाइलवर करून पाहिली आणि मोबाइल खिशात ठेवला. लेण्यासाठी लागलेले पैसे हा त्या बेरजेतला एक किरकोळ आकडा होता. लेण्याला मिळालेला वेळही त्याच प्रमाणात : अर्धा तास, कारण परतीच्या लाँचचं बघायचं होतं.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल. १९८७ पासून हा जागतिक वारसा. सहाव्या शतकाच्या मध्याचं काम, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुणी खोदवलं ते ठामपणे सांगता येत नाही, कारण इथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला धाडला आणि तो तिकडे हरवला. प्रवासात सामान हरवण्याची घारापुरीची परंपरा अशी जुनी आहे. दक्षिणेच्या भिंतीत ती भव्य त्रिमुखी मूर्ती, महेशमूर्ती. मधला चेहरा इतका शांत की आपण मोठ्याने बोलतोय याची लाज वाटावी. तिच्यासमोर गर्दी होती, सगळी पाठमोरी. म्हणजे देवाकडे पाठ आणि मोबाइलकडे तोंड. तीन तोंडं असूनही त्या मूर्तीला यांतलं एकही तोंड दिसत नसणार.

पण माझ्या मते या सहलीचं खरं शिल्प तिथे नाही. ते पूर्वेच्या बाजूला आहे, झिजलेलं, फुटलेलं, गाइड घाईत असला तर टाळून पुढे जातो ते. रावण कैलास उचलतोय. कथा सगळ्यांना माहीत आहे, पण तिची सुरुवात लोक विसरतात. कुबेराकडून जिंकलेल्या पुष्पक विमानातून रावण निघाला होता. स्वतःचं वाहन, मनाच्या वेगाने जाणारं, रांग नाही, तिकीट नाही. आणि कैलासापाशी ते विमान थांबलं. पुढे जाईना. नंदी पुढे आला आणि म्हणाला, इथवरच. वर शंकर-पार्वती आहेत, मागे फिर.

विचार करा, त्याच्याही वाहनाने त्याला थोडं अलीकडेच सोडलं होतं! फरक एवढाच की रावण डोंबिवलीचा नव्हता. त्याने 'बरं, इथून पुढे काय मिळतं?' असं विचारलं नाही. पुढच्या वाहनाची रांग लावली नाही, वरच्या मजल्याचे पैसे काढले नाहीत, 'एवढं आलो, आता हेही' म्हणाला नाही. तो भडकला. डोंगरच आडवा येतो काय, म्हणून त्याने वीसही हात डोंगराखाली घातले. शंकराने नुसता अंगठा दाबला. पुढचं माहीत आहेच. तेव्हापासून प्रवासी शहाणे झाले. वाहन अलीकडे थांबलं की ते मुकाट उतरतात आणि पाकीट उघडतात. समोरच्या शिल्पात शंकर-पार्वती सोंगट्या खेळताहेत. अख्ख्या बेटावर निवांत बसलेलं जोडपं तेवढंच.

दाजी त्या रावणापुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ह्यो खरा वैतागलेला पाशिंजर."

दाजींना दुसरी एक गोष्ट खटकत होती. "एलिफंटा म्हन्त्यात. हत्ती कुठाय?" पायऱ्यांवर विकायला होते तेवढेच हत्ती. मामाने "तो नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली, कारण मामाला ते माहीत होतं आणि माहिती योग्य जागी खर्च करायची त्याची सवय होती.

उतरताना एका बाईंकडे काकडी घेतली. कापून, तिखट-मीठ लावून. यजमान पायरीवर बसले, खाडीकडे बघत सुस्कारा टाकून म्हणाले, "काय शांत जागा आहे हो. इथंच राहावंसं वाटतं." बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "रात काढली नाय ना इथं, म्हणून. पोरीचं पोट दुखायला लागलं आन् होडी नसली, मंग समजंल शांत." पर्यटकाला इथे रात्री राहता येत नाही. गावकऱ्याला राहावं लागतं. तहसील उरणला, म्हणजे साध्या दाखल्यासाठीसुद्धा समुद्र ओलांडायचा. आणि दिव्यांचं तर विचारूच नका. एका बाजूला मुंबईची झळाळी, दुसऱ्या बाजूला रात्रभर लखलखणारं बंदर, शेजारी तेलाच्या टाक्या, पलीकडे अणुसंशोधन केंद्र, आणि मधल्या या तीन वस्त्यांत कालपरवापर्यंत रोज संध्याकाळी काही तास जनरेटर. समुद्रतळातून तारा टाकून इथे कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्याच्या सत्तर वर्षांनंतर. विजेनेही सगळी वाहनं बदलत, प्रत्येक ठिकाणी थोडं अलीकडे थांबत प्रवास केला असावा.

परतीच्या लाँचला मात्र सगळ्यांची एकदम घाई. मघाशी 'राहावंसं' वाटलेली माणसं शेवटच्या लाँचच्या धास्तीने धक्क्यावर अशी धावतात की झुकझुक गाडी मागे पडते. गेटवेला सूर्य उतरलेला, टॅक्सीवाले पुन्हा जवळच्या भाड्याला नाराज, मेट्रोचं नाव पुन्हा काढायचं धाडस मामाने केलं नाही. सीएसएमटीला गाडी लागलेली होती आणि ती नावाप्रमाणेच फास्ट होती.

भायखळ्याला गाडी थांबली तेव्हा मामाने राखून ठेवलेली माहिती काढली. राजबंदराजवळ एक भला मोठा दगडी हत्ती होता, त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडून फुटला. तुकडे इकडे राणीच्या बागेत आणले, पुढे १९१४ मध्ये ते जोडले, आणि तो हत्ती अजून बागेत आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर. "या स्टेशनवरून चालत जाण्यासारखं," मामा म्हणाला, "दाजी, उद्या दाखवतो. फक्त बुधवारी बंद असतं."

दाजींना पुन्हा चौथी सीट मिळाली होती. त्यांनी अर्ध्या बुडावर तोल सावरत खिडकीबाहेर भायखळ्याकडे बघितलं.

"म्हंजे हत्ती निघाला विलायतेला," ते म्हणाले, "आनि उतरला भायखळ्याला?"

"हो."

"मेगाब्लॉक असंल त्या दिवशी."